दहावं अक्षर ‘डी’ म्हणजे २०१३ च का? चासी नंबरवरून गाडीचं वर्ष काढताना लोक नेमके कुठे चुकतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंडहँड ह्युंदाई हॅचबॅक बघितली, आरसीवर पासिंग फेब्रुवारी २०१४ चं, विकणारा म्हणतो २०१४ चं मॉडेल. चासी नंबरातलं दहावं अक्षर डी आहे आणि नेटवरच्या तक्त्यात डी म्हणजे २०१३. मग शंका आली म्हणून काकांच्या जुन्या मारुतीचा नंबर बघितला तर तिथे दहाव्या जागी चक्क शून्य, तक्त्यात शून्य नाहीच. आणि एका परदेशी साइटवर दोन्ही नंबर टाकले तर दोन्हींना ‘चुकीचा नंबर’ असं उत्तर आलं. खरं काय मानायचं?

मी पुण्यात जुन्या गाड्या तपासून देतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतो. आधी तुमच्या गाडीचं सांगून टाकतो, मग बाकीचं. तुमची गाडी २०१३ मध्ये बनलेली आहे. विकणारा खोटं बोलतोय असं लगेच म्हणू नका, कारण आपल्याकडे ‘मॉडेल’ हा शब्द लोक पासिंगच्या वर्षासाठी सर्रास वापरतात, त्याच्या डोक्यात तो खरंच बोलत असेल. पण भाव २०१३ चाच द्यायचा.

आता हे मी डीवरून एवढं ठामपणे का म्हणतो आणि काकांच्या मारुतीबद्दल त्याच जागेवरून काहीच का म्हणत नाही, ते बघा.

सतरा अक्षरांचा नंबर असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पहिली तीन अक्षरं कोणी बनवली ते सांगतात. एमए३ मारुती, एमएएल ह्युंदाई, एमएटी टाटा, एमए१ महिंद्रा, एमएके होंडा, एमबीजे टोयोटा किर्लोस्कर, एमएजे म्हणजे फोर्डच्या इथे बनलेल्या गाड्या. मधली सहा गाडीचं वर्णन करतात, बॉडी, इंजिन, व्हेरियंट वगैरे, आणि शेवटची आठ त्या एका गाडीची ओळख. या शेवटच्या आठातलं पहिलं म्हणजे दहावं. लोक इथेच अडकतात, कारण आयएसओच्या ज्या स्टँडर्डवर हे सगळं चालतं (३७७९ नंबरचं, १९७७ चं), त्यात वर्ष घातलंच पाहिजे अशी सक्ती नाही, घालायचंच असेल तर ते दहाव्या जागी घाला अशी शिफारस आहे. सक्ती अमेरिकेत आहे, तिथे १९८१ पासून सतरा अक्षरी नंबर आणि दहाव्या जागी मॉडेल ईयर हे कायद्याने. नेटवरचे बहुतेक तक्ते तिथून उचललेले असतात आणि ते जगातल्या प्रत्येक गाडीला लागू आहेत असं समजून लोक वापरतात.

ह्युंदाई दहाव्या जागी वर्ष घालते. तुमचा नंबर साधारण असा असणार, एम ए एल, मग ए ८ ५ १ सी एल, मग डी, मग एम, आणि पुढे सहा आकडे. तो डी वर्षाचा, त्याच्यानंतरचा एम कारखान्याचा. होंडाही दहाव्यात वर्ष घालते. टाटा आणि महिंद्रा दहाव्यात वर्ष आणि अकरावं कारखान्याचं सोडून बाराव्यात महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं, आय वगळून म्हणजे एच ऑगस्ट आणि जे सप्टेंबर. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांची अक्षरं मात्र कंपनीकंपनीत वेगळी असतात, तिथे अंदाजाने मोजू नका, प्लेट बघा. फोर्डचं अजून निराळं, युरोपातल्या फोर्डसारखंच इथेही वर्ष अकराव्या जागी आणि महिना बाराव्या, आणि महिन्याची अक्षरं सरळ ए-बी-सी अशी नाहीतच. फोर्डच्या गाडीचं दहावं अक्षर वाचून वर्ष सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि सोडून द्या.

काकांची मारुती. जुन्या मारुतींचा नंबर बघा, एम ए ३ ई यू ए ६ १ एस ० ० आणि पुढे सहा आकडे, असा काहीसा साचा असतो. नवव्या जागी एस आणि दहाव्या-अकराव्या जागी दोन शून्यं. वर्षाच्या तक्त्यात शून्य कधीच वापरत नाहीत, म्हणजे तिथे वर्ष नाहीच. लोक काय करतात की तिथे काही मिळालं नाही म्हणून मागचं एस धरतात आणि एस म्हणजे १९९५ असं काढून बसतात, माझ्याकडे एक जण २०११ ची गाडी ‘१९९५ ची निघाली’ म्हणून घाबरून आला होता. नंतरच्या मारुतींमध्ये त्या शून्यांच्या जागी अक्षरं दिसायला लागली आणि दहाव्यात वर्ष आलं, पण शून्य-शून्य दिसलं की त्या नंबरावरून वर्ष काढायचा नाद सोडा. टोयोटाचंही तेच, अमेरिका-कॅनडासारखे काही देश सोडले तर बाकी ठिकाणी विकलेल्या टोयोटांमध्ये दहाव्या जागी वर्ष सहसा नसतं, इनोव्हाच्या नंबरात तिथे शून्य दिसेल. आणि युरोपच्या बाजारासाठीच्या मर्सिडीजमध्ये दहाव्या जागी एक किंवा दोन असतं, ते स्टिअरिंग डावीकडे का उजवीकडे यासाठी, २००१ किंवा २००२ साठी नाही.

परदेशी साइट तुमचा नंबर चुकीचा का म्हणते तेही यातच आहे. अमेरिकेत नववी जागा तपासणीच्या आकड्याची असते. प्रत्येक अक्षराला एक किंमत, प्रत्येक जागेला एक वजन, सगळे गुणाकार करून बेरीज, तिला अकराने भागायचं आणि जी बाकी उरेल ती नवव्या जागी, बाकी दहा आली तर एक्स. म्हणजे नववी जागा शून्य ते नऊ किंवा एक्स, दुसरं काही असूच शकत नाही. तुमच्या गाडीत तिथे एल, काकांच्या गाडीत एस. त्या साइटचा प्रोग्रॅम नवव्या जागेवर पोचतो आणि तिथेच थांबतो. गाडीत काही गडबड नाही, ती साइट आपल्या गाड्यांसाठी नाहीच. (गंमत म्हणजे सतरा वेळा नुसतं एक लिहिलं तर तो नंबर या तपासणीत पास होतो, सगळ्या वजनांची बेरीज ८९ येते, अकराने भागून बाकी एक. म्हणजे ‘नंबर व्हॅलिड आहे’ या उत्तराला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.)

आता तक्ता. पाठ करायची सोपी पद्धत म्हणजे ए २०१० धरा आणि पुढे मोजत जा, पण आय, ओ, क्यू गाळून. एच २०१७ झाला की पुढचा जे २०१८. इथे भरपूर लोक आय मोजतात आणि पुढची सगळी वर्षं एकाने पुढे ढकलतात. के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, मग ओ नाही म्हणून पी २०२३, क्यू नाही म्हणून आर २०२४, एस २०२५, टी २०२६. मागे जायचं तर २००१ ते २००९ ला एक ते नऊ आकडे, २००० ला वाय, ९९ ला एक्स, ९८ ला डब्ल्यू, ९७ ला व्ही. वर्षासाठी यू आणि झेडही वापरत नाहीत. तीस वर्षांनी चक्र फिरतं, त्यामुळे डी १९८३ ही असतो आणि २०१३ ही. आपल्याकडे ही अडचण क्वचितच येते, गाडी समोर उभी असते, १९८३ ची आहे का २०१३ ची ते आंधळाही हात लावून सांगेल. अमेरिकेत कागदावर भानगड होऊ नये म्हणून त्यांनी सातव्या जागेचा नियम केला, साध्या कार आणि हलक्या ट्रकला सातव्या जागी आकडा असेल तर जुनं चक्र, अक्षर असेल तर २०१० पासूनचं. तो नियम इथल्या गाडीला लावू नका. तुमच्या ह्युंदाईत सातव्या जागी १ आहे, त्या नियमाने ती १९८३ ची ठरेल.

न्यू जर्सी-टेक्सासकडे असलेल्या आपल्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे दहावं अक्षर मॉडेल ईयरचं असतं, बनलेल्या वर्षाचं नाही, आणि पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच्या वर्षाच्या २ जानेवारीपासूनही बनवायला सुरुवात करता येते. त्यामुळे जी २०२४ च्या ऑगस्टमध्ये बनली ती २०२५ ची गाडी म्हणून विकली तर त्यात फसवणूक काही नाही. बनल्याचा महिना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर छापलेला असतो, नंबर काचेतून बाहेरून वाचता येतो. इथेही फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत असं दिसतं, त्यांचं मॉडेल ईयर कॅलेंडर वर्षाच्या मध्यातच पुढे सरकतं, मग आरसीवर बनल्याचं वर्ष २०११ आणि नंबरात सी म्हणजे २०१२. ग्राहक खूश होतो की गाडी एक वर्षाने नवी निघाली. नाही निघाली, २०११ चीच आहे.

म्हणून मी कधीच नुसत्या अक्षरावर थांबत नाही. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांत, नियम १२२ मध्ये, चासी नंबर, इंजिन नंबर आणि बनल्याचा महिना गाडीवर कोरलेला किंवा पंच केलेला असला पाहिजे असं आहे. त्यामुळे महिना कुठेतरी असतोच, नंबरातच गुंफलेला, नाहीतर प्लेटवर. बॉनेट उघडा, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) किंवा दाराच्या खांबावर रिव्हेट मारलेली प्लेट किंवा स्टिकर शोधा. मग आरसी बघा, पासिंगच्या तारखेखेरीज बनल्याचा महिना-वर्ष असा वेगळा रकाना असतो, लोक तो वाचतच नाहीत, नजर थेट पासिंगवर जाते. पहिल्या मालकाकडे शोरूमचे कागद जपलेले असतील तर फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यातही बनल्याचा महिना असतो. आणि जुनी इन्शुरन्स पॉलिसी, तीही शक्यतो पहिल्या वर्षाची, कारण नंतरच्या पॉलिसींमध्ये एजंट लोक घाईत जे वर्ष टाकतात ते पुढे तसंच चालत राहतं.

नंबर मात्र कागदावरून वाचायचा नाही, लोखंडावरून वाचायचा. हे मी एकदा चांगलंच शिकलोय. सात-आठ वर्षांपूर्वी एक सेदान तपासायला गेलो होतो, दुसऱ्या राज्यातून एनओसी घेऊन आलेली, इथलं नवीन एमएच पासिंग झालेलं. विकणाऱ्याने व्हॉट्सअॅपवर नंबर टाइप करून पाठवला होता, दहाव्या जागी बी, म्हणजे २०११. आरसी इतकी झिजलेली की त्या जागी नुसता डाग. गाडी स्वच्छ, किलोमीटर बरे, घेणाऱ्याचं जवळजवळ ठरलेलं, टोकन खिशात. पुढची प्रवाशाची सीट पूर्ण मागे सरकवली, कार्पेटला कापलेली झडप असते ती उचलली, खाली धूळ आणि कसलंतरी चिकट वाळलेलं सरबत. डिझेलच्या बोळ्याने पुसलं, टॉर्च आडवा धरला. आडवा हे महत्त्वाचं, वरून प्रकाश टाकला की पंच दिसत नाही, बाजूने टाकला की खळग्यात सावली पडते आणि अक्षर उठून येतं. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, ट्रान्स्फरला चासीची छाप घेतात ना, तशी. दहावं अक्षर डावीकडून गोल. बी असता तर डावीकडे सरळ उभी रेघ आली असती. आठ होता, म्हणजे २००८. तीन वर्षांचा फरक, एका रेघेत. खात्री म्हणून मागच्या सीटबेल्टची पट्टी पूर्ण ओढली, तळाशी शिवलेलं लेबल, त्यावर ०८. विकणारा म्हणाला टायपिंग मिस्टेक. असेल बुवा. सौदा तिथेच मोडला.

तेव्हापासून मी अशी जुळी अक्षरं आधी बघतो. आठ आणि बी, पाच आणि एस, सहा आणि जी. वर्षाच्या जागी ही अदलाबदल झाली की पाचचं एस होऊन २००५ ऐवजी १९९५ किंवा २०२५, आणि सहाचं जी होऊन २००६ ऐवजी २०१६. छाप घेताना दोन्ही टोकांना चांदण्या किंवा तत्सम खूण आहे का बघा, बऱ्याच गाड्यांत असते, म्हणजे पुढे-मागे कोणी अक्षर वाढवलेलं नाही. सगळी अक्षरं एका ओळीत, एका खोलीची असली पाहिजेत. मशीनचा पंच सारखा असतो, हाताने ठोकलेला कुठे खोल, कुठे तिरका. भोवतीचा रंग आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा नवीन वाटला किंवा घासल्याच्या रेघा दिसल्या तर वर्षाचा प्रश्नच संपला, ती गाडी घ्यायची नाही, कितीही स्वस्त असो.

नंबराशिवाय गाडी स्वतःही वय सांगते. काचांच्या कोपऱ्यात कंपनीच्या शिक्क्याजवळ वर्षाचा आकडा आणि ठिपके असतात, ठिपके मोजायची पद्धत प्रत्येक काच कंपनीची वेगळी, पण सगळ्या काचांवर एकच वर्ष आणि एकाच काचेवर दुसरं, म्हणजे ती काच बदललेली, एवढं तर कळतंच. प्लास्टिकच्या मोठ्या भागांच्या मागे, एअर फिल्टरच्या डब्यावर वगैरे, घड्याळासारखा छोटा गोल असतो, कडेला एक ते बारा, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. तो त्या भागाचा महिना, गाडी त्यानंतर काही आठवड्यांनी बनलेली असणार. टायरवर चार आकडे, २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा, पण टायर बदलले जातात, म्हणून स्टेपनी बघा, ती बहुतेक वेळा मूळची असते. आणि मोठमोठे नियम लक्षात ठेवा, १ जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्सचे सेन्सर, वेगाचा इशारा सक्तीचे झाले, १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक. ‘२०२० चं मॉडेल’ म्हणून बीएस-४ गाडी दाखवत असतील तर ती बनली कधी हा प्रश्न विचारायलाच हवा.

आता परत तुमच्या गाडीकडे. डी आहे म्हणजे २०१३, पण २०१३ चा कुठला महिना ते बघा. आरसीवर १२/२०१३ असेल तर अगदी नेहमीची गोष्ट, डिसेंबरची गाडी फेब्रुवारीत पास झाली, त्या वेळी पहिल्या मालकाने त्यासाठी डिस्काउंटही घेतला असणार आणि आता तो तुम्हाला द्यायचा सोडून स्वतःच ठेवायला बघतोय. मे-जून २०१३ असेल तर ती आठ-नऊ महिने यार्डात किंवा शोरूमच्या दारात उभी होती, मग विचारा की डेमो गाडी होती का, पहिला मालक कोण ते आरसीवर बघा. यंत्राला इतक्या वर्षांनंतर त्याने काही फरक पडत नाही. आरसीची पंधरा वर्षंही पासिंगच्या तारखेपासून मोजतात, ती २०२९ च्या फेब्रुवारीपर्यंतच आहे, त्यात तुमचं नुकसान नाही. फरक पडतो तो फक्त भावात, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा घेणारा माणूसही हेच दहावं अक्षर वाचून तुमच्याशी घासाघीस करणार, म्हणून आत्ताच करून घ्या.

स्पेअर पार्ट घ्यायला गेलात तर काउंटरवर वर्ष सांगत बसू नका, ‘२०१३ ची’ म्हटलं की तो विचारतो आधीची का नंतरची, कारण वर्षाच्या मध्यात भाग बदलतात. पूर्ण सतरा अक्षरी नंबर द्या, त्याच्या कॉम्प्युटरवर त्या नंबराला बसणारा भाग येतो. रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनी गाड्या परत बोलावते ते, तेसुद्धा कंपन्या वर्षावर नाही, चासी नंबरावरच बघायला सांगतात.

काकांच्या मारुतीचा बॉनेट उघडून प्लेटचा फोटो काढा आणि आरसीवरचा बनल्याचा रकाना बघा, दोन्ही जुळले की झालं, दहाव्या जागेवरचं शून्य विसरून जा. आणि ह्युंदाईचं टोकन द्यायच्या आधी पेन्सिल आणि पातळ कागद खिशात टाकून जा, विकणारा सीट सरकवायला नको म्हणत असेल तर मला कळवा.